वरुणरावांची तिसरी पुडी

तीन समयांपैकी दीड घासून झाली होती. तमिळ आडी महिन्यातला, देवीचा शुक्रवार, तेव्हा दिवेलागणीच्या आत तिन्ही लखलखीत हव्यात, आणि चिंच तर डब्याच्या तळाशी जेमतेम लिंबाएवढी उरलेली. जयश्री मागच्या अंगणात पाटावर बसली होती. पदर खोचलेला, हातात चिंचेचा गोळा, शेजारी विटेचा चुरा. दुसऱ्या समईच्या कंबरेशी ती पोचली असेल नसेल, तेवढ्यात वरुणराव दारात येऊन उभे राहिले. अंगात बनियन, कमरेला वेष्टी, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा.

"केळीच्या सोपटाचा दोरा कुठं असतो आपल्याकडं?"

"देव्हाऱ्याखालच्या डब्यात. सत्तावीस वर्षं तिथंच असतो. काय म्हणून हवा?"

"हवाय जरा."

"नऊ वाजून गेले. ऑफिस नाही?"

"अकरापर्यंत शिफारस पाठवायची आहे. घरून पाठवली तरी चालते."

एवढं बोलून ते आत गेले. जयश्रीनं समई फडक्यावर आडवी ठेवली आणि डोळे मिटून मारुतीचं नाव घेतलं. ही शिफारस मासी महिन्यात, म्हणजे फेब्रुवारीत, तिच्या घरात शिरली होती. मासी गेला, पंगुनी गेला, चित्तिरैचा उन्हाळा अंगावर आला आणि उतरला, तरी ती काही घराबाहेर पडायचं नाव घेत नव्हती. एखादा पाहुणा दोन दिवस म्हणून यावा आणि सहा महिने कॉफी पीत बसावा, तसं चाललं होतं.

वरुणराव एका मोठ्या धान्य कंपनीत वित्त विभागाचे उपप्रमुख. त्रिची रोडवर कंपनीची चार मजली कचेरी, कावेरीच्या सगळ्या मुलखात पसरलेली भातखरेदीची केंद्रं, सहा गिरण्या, आणि हे सगळं सांभाळायला नुसत्या वित्त विभागातच एकशे सत्तर माणसं. एवढ्या पसाऱ्यात रोज खर्च होतो. कुणी पोती घेतो, कुणी डिझेल, कुणी वजनकाटा दुरुस्त करून घेतो. कुणी काय घ्यावं, कुणाला विचारून घ्यावं, बिल कुठं जावं, पैसे कधी सुटावे, हे सगळं एकाच जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं ठरलं, आणि कोणतं घ्यावं ते सांगायचं काम वरुणरावांच्या गळ्यात पडलं. ज्या माणसाला वांगी घेताना भाजीवालीलाच "तूच सांग, कोणती घेऊ" असं विचारावं लागतं, त्याच्या.

वरुणरावांना ओळखणारा कुणीही सांगेल की माणूस सोन्यासारखा आहे. राजवाड्यामागच्या गल्लीत, तमिळ मुलखात पिढ्यांपासून राहिलेल्या मराठी घरात जन्मले, तिथंच वाढले. वडील शाळेत गणित शिकवायचे. घरात मराठी, दारात तमिळ आणि कागदावर इंग्रजी, असं तिथल्या सगळ्यांसारखंच त्यांचं बालपण. बाविसाव्या वर्षी कंपनीत कारकून म्हणून लागले, तेव्हा कंपनी म्हणजे एक गिरणी आणि दोन लाकडी कपाटं होती. बत्तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून लाखो पावत्या गेल्या असतील. नुसतं अक्षर बघून ते सांगत, हे तिरुवैयारच्या केंद्रावरचं, आणि हा आकडा लिहिताना लिहिणाऱ्याचं डोकं दुखत होतं. खोटी पावती त्यांच्या बोटांना कळायची. पण कळलं तरी "ही खोटी आहे" असं ते म्हणायचे नाहीत. पावती वरच्या साहेबांकडे सरकवायची आणि म्हणायचं, "एकदा बघून घ्या." स्वतःला विचारलं तर एकच शब्द ठरलेला. बघू.

घराला कोणता रंग द्यायचा? बघू. मुलीला कोइमतूरच्या कॉलेजात घालायचं की इथंच? बघू. रंग शेवटी रंगाऱ्यानं ठरवला आणि कॉलेज मुलीनं. जयश्रीला वाटायचं, हा माणूस यमदूतालाही दारात उभं करून बघू म्हणेल, आणि तो बिचारा कंटाळून परत जाईल.

सुरुवातीला सॉफ्टवेअर विकणाऱ्या चौदा कंपन्या होत्या. चौदाच्या सहा झाल्या, सहाच्या तीन. एकशे बारा प्रश्नांचा एक तक्ता होता, प्रत्येक प्रश्नाला गुण. तो जेवायच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीखाली दाबून ठेवलेला असायचा, त्यामुळे साठ ते पंच्याहत्तर या प्रश्नांवर तेलाचा गोल डाग. रोज रात्री रसमभात कालवताना वरुणराव जयश्रीला त्यातलं काहीतरी समजावून सांगत. मागवलेला माल, मिळालेला माल आणि आलेलं बिल, तिन्ही जुळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. खर्च झाल्यावर बोंब मारण्यापेक्षा खर्चाआधी अंदाजपत्रक तपासलेलं बरं. मंजुरीची साखळी. दर माणशी भाडं. जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी बोलतं की नाही. जयश्रीला आता हे सगळं सत्यनारायणाच्या पूजेपेक्षा जास्त पाठ झालं होतं, आणि ते पाठ झाल्याचा तिला राग यायचा.

उरलेल्या तिघांची नावं तिच्या जिभेवर बसत नव्हती. म्हणून त्यांच्या पडद्याच्या रंगावरून तिनं नावं पाडली. निळा, हिरवा आणि नारिंगी. पुढं वरुणरावही तेच म्हणू लागले. मग त्यांच्या हाताखालची अखिलाही, आणि हळूहळू सगळी कचेरी.

निळा सगळ्यांत देखणा. त्याचे तक्ते बघत राहावं असे, रंगीत आलेख, मंजुरीच्या नऊ पायऱ्या. त्याचा माणूस बंगळूरहून आला होता. त्यानं दाखवायला सुरुवात केली ती, "समजा, तुम्ही सिंगापूरच्या हॉटेलात आहात," अशी. वरुणरावांनी हळूच विचारलं होतं, "समजा, आम्ही पापनाशमच्या खळ्यावर आहोत, आभाळ आलंय आणि ताडपत्री हवी आहे." त्यानं ताडपत्री 'किरकोळ' या सदरात टाकली आणि मंजुरीसाठी पाठवली. मंजुरी कचेरीकडे गेली. तिथून परत यायला नेटवर्क लागतं, आणि पापनाशमच्या त्या खळ्यावर नेटवर्क म्हणजे नारळाच्या झाडावर चढलं तर मिळणारी वस्तू.

हिरवा स्वस्त. पण त्याचं आणि जुन्या हिशेबाचं जमत नाही. म्हणजे बारा माणसं दिवसभर बसून इकडचं तिकडं पुन्हा टाइप करणार.

नारिंगी दिसायला कुरूप. आलेख असे की शाळकरी पोरानं काढलेत वाटावं. पण त्यात तमिळ होतं. नेटवर्क नसलं तरी फोनमध्ये खर्च लिहून ठेवता यायचा, नेटवर्क आलं की आपोआप वर जायचा. आणि त्यात एक सोय अशी होती की ठरवलेल्या रकमेपर्यंत केंद्रावरच्या माणसानं आधी खर्च करावा, तपासणी मागून व्हावी. उंटावरून शेळ्या हाकायला नकोत.

हे कळायला तक्त्याचा उपयोग झाला नव्हता. अखिलानं एक गोष्ट केली होती. जानेवारीतल्या, म्हणजे तै महिन्यातल्या, पापनाशमच्या केंद्रावरच्या चाळीस खऱ्या पावत्या तिनं घेतल्या, चुरगळलेल्या, चहा सांडलेल्या, निम्म्या तमिळमध्ये लिहिलेल्या, आणि तिन्ही सॉफ्टवेअरमधून एकेक करून चालवल्या. निळ्यात अकरा गेल्या. हिरव्यात तेवीस. नारिंगीत सदतीस. त्या दिवशी वरुणराव घरी आले ते गुणगुणत. जयश्रीला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्याच दिवशी मालकांचा मुलगा साईराम म्हणाला की त्याला निळा बरा वाटतो, आलेख छान आहेत. वरुणराव म्हणाले, बघू. त्याला आता दोन महिने झाले होते.

जयश्रीनं समई पुन्हा उचलली. अंगणातल्या तुळशीजवळ चाहूल लागली म्हणून मान वळवून पाहिलं, तर वरुणराव वाकून तुळशीची पानं खुडत होते. डाव्या हाताच्या ओंजळीत दोन तगरीची फुलं आणि दोन तांबड्या कण्हेरीची.

आता तिला कळलं, दोरा काय म्हणून.

या मुलखात एखादी गोष्ट ठरत नसेल तर देवापुढं फुलं बांधून विचारतात. पांढऱ्या फुलाची एक पुडी, तांबड्याची एक, केळीच्या पानात गुंडाळून देवापुढं ठेवायची, एखाद्या लहान मुलाला म्हणायचं, उचल. पांढरं निघालं तर हो, तांबडं निघालं तर नाही. वरुणरावांच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. जयश्रीची त्याला ना नव्हती. तिची सकाळच मुळी देवापासून सुरू होई, एकादशी चुकत नसे, आणि गल्लीच्या टोकाच्या मारुतीला शनिवारी तेल घातल्याशिवाय ती पाणी पीत नसे. पण लग्न, जमीन, मोठं आजारपण, यासाठी देवाला उठवावं. खर्चाच्या सॉफ्टवेअरसाठी?

"तगर कुणाची?" तिनं बसल्या जागेवरून विचारलं.

"निळ्याची."

"कण्हेर?"

"हिरव्याची. नारिंगीची तुळस." मग जरा थांबून, "समोरच्यांच्या छोटीला हाक मारशील का? मारुतीकडे दोन मिनिटांचं काम आहे."

"समोरची छोटी शाळेत गेली. आणि मारुतीला निळा-हिरवा कसा कळणार?"

"त्याला सगळं कळतं."

"त्याला कळतं, तुम्हाला कळत नाही?"

ओंजळ सांभाळत वरुणराव आत गेले.

पाटाशेजारी ठेवलेला जयश्रीचा फोन वाजला. हात चिंचेचे, म्हणून तिनं मनगटांनी तो उचलून खांद्यानं कानाशी धरला. अखिला होती.

"मामी, सारांचा फोन बंद आहे. बरे आहेत ना?"

"ठणठणीत. केळीचं पान कापताहेत."

"जेवायला कुणी येणार आहे?"

"नाही. मारुतीला विचारणार आहेत, कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं."

अखिला म्हणाली, "मामी, मी सहा महिने रविवारसुद्धा घालवले. माझ्या नवऱ्यानं माझ्या ताटात पावत्या वाढायची धमकी दिली. आणि आता मारुती?"

"मला काय म्हणून सांगतेस? मी काय मंजुरीच्या साखळीत आहे?"

"तुम्ही असता तर आडीच्या आधी झालं असतं. सारांना सांगा, मेल मी लिहून ठेवलाय. नावाची जागा तेवढी कोरी आहे. नाव घालायचं आणि पाठवायचं. अकराला साईराम सार मीटिंगला बसतात. तोपर्यंत कुणी काही बोललं नाही तर निळाच धरतील."

"सांगते."

"आणि मामी, मारुतीला म्हणावं, सदतीस."

जयश्री हात धुवायला उठली. नळाखाली हात धरले तेवढ्यात वरुणरावांचा फोन वाजला. म्हणजे आता चालू केला होता. आतून त्यांचा आवाज आला, "बोल रघोजी."

रघोजी म्हणजे पापनाशमच्या केंद्राचा माणूस. एकोणीस वर्षं तिथं. तै महिन्यात अवेळी पाऊस आला तेव्हा खळ्यावर चारशे पोती भात उघड्यावर होतं. ताडपत्र्यांसाठी त्यानं कचेरीकडे मंजुरी मागितली. मंजुरी दोन दिवसांनी आली. पाऊस काही थांबून राहिला नव्हता. रघोजीनं स्वतःच्या खिशातून ताडपत्र्या आणल्या, भात वाचवलं, आणि ते पैसे मिळायला त्याला चार महिने लागले, कारण बिलावर मंजुरीच्या आधीची तारीख होती. त्यावरून त्याला खुलासा मागणारं पत्रही आलं. ते पत्र वरुणरावांच्या सहीनं गेलं होतं. साहेबांनी सही कर म्हटलं, त्यांनी केली. मग रविवारी मुद्दाम पापनाशमला जाऊन रघोजीच्या अंगणात बसून त्यांनी शब्द दिला होता, पुन्हा असं होणार नाही, नवीन सॉफ्टवेअर येतंय, ते मी बघतो. बत्तीस वर्षांत त्यांनी 'बघतो' म्हटलेली ती बहुधा एकच वेळ.

जयश्री पदराला हात पुसत आत आली. वरुणरावांना फोन कानाशी धरता येत नव्हता, दोन्ही हातांत पान होतं. म्हणून त्यांनी तो जमिनीवर ठेवून मोठ्या आवाजावर केला होता.

"अण्णा, विचारायला फोन नाही केला," रघोजी सांगत होता. "कळवायला केला. थोरल्यानं तिरुप्पूरला गोदामात जागा बघितली आहे. आज संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगायचं आहे. दिवाळीनंतर जाईन म्हणतो."

"एवढी घाई काय आहे?"

"घाई कुठली. पुढचा तै येतोय. मी परत ताडपत्री आणायची की नाही तेवढं मला कळायला हवं. नाही आणली तर भात जातं. आणली तर तुमचं पत्र येतं."

"रघोजी, ते पत्र..."

"पत्राचं सोडा. नवीन यंत्रणेचं काय झालं?"

वरुणरावांनी जयश्रीकडे पाहिलं. मग पानाकडे. "आज ठरतंय. बघू."

"सरी, ठीक आहे अण्णा," रघोजी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच ऐकवत नव्हतं. "तुम्ही बघू म्हणालात ना, की मला उत्तर मिळालं. वैनींना नमस्कार सांगा."

फोन बंद झाला. वरुणरावांनी तिसऱ्या पुडीला दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि तिन्ही पुड्या पितळी ताटलीत ओळीनं ठेवल्या.

"छोटी नसेल तर पुजाऱ्यांची नात असेल," ते म्हणाले. "चल, येतेस?"

जयश्रीनं ताटलीत पाहिलं. मग खाली बसली आणि नीट पाहिलं.

पहिली पुडी, तगरीची, चापून बांधलेली, सुपारीएवढी. दुसरी, कण्हेरीची, तिच्यासारखीच. तिसरी चांगली फुगीर. तुळशीची चार पानं ती काय, पण तिच्यासाठी पान मोठं घेतलेलं, घडी सैल, आणि गाठीच्या पुढं दोऱ्याचं शेपूट बोटभर लांब सोडलेलं. कुणीही लहान मूल ओणवं झालं की त्याचा हात थेट त्या शेपटावर जाईल.

"ही अशी का?"

"कशी?"

"मोठी."

वरुणरावांनी नाकावरचा चष्मा कपाळावर आणि कपाळावरचा नाकावर घेतला. "असेल थोडी. हातानंच बांधलेली आहे, मशीननं नाही."

"तुमच्या आईंनीपण हातानंच बांधली होती."

"कोणती?"

जयश्रीला हे कधी सांगायचं नव्हतं. सासूबाई जायच्या आधी वर्षभर, एका दुपारी वाती वळता वळता सहज बोलून गेल्या होत्या, आणि तिनं ते पोटात ठेवलं होतं. पण सहा महिन्यांच्या रसमभातानं आज तिचा बांध फुटला होता.

"तुम्ही चार मुली बघितल्यात. चौघींनंतर घरी येऊन म्हणालात, आई, तूच ठरव. त्या म्हणाल्या, देव ठरवेल. चार पुड्या बांधल्या, मारुतीपुढं ठेवल्या, तुमच्या मामेबहिणीच्या पोरानं माझी उचलली. सगळ्या गल्लीत झालं, मारुतीनं दिलेली सून. हो की नाही?"

"हो. म्हणजे काय."

"माझी पुडी त्यांनी मोठी बांधली होती. दोरा लांब सोडून. मला स्वतः सांगितलं त्यांनी. म्हणाल्या, पोर नेहमी मोठी पुडीच उचलतं."

वरुणराव बघतच राहिले. "म्हणजे आईनं ठरवलं होतं?"

"मला बघून जिना उतरतानाच ठरवलं होतं. मारुतीला नुसतं कळवलं."

"मला नाही सांगितलं कधी."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पाचवी मुलगी बघायला गेला असतात."

ते ताटलीकडे बघत बसले. मग एक बोट लांब करून तिसऱ्या पुडीचा दोरा हलवून पाहिला, जणू दुसऱ्या कुणी बांधली होती.

"मी मुद्दाम नाही केलं, जयश्री."

"तेच तर. मुद्दाम केलं असतंत तर मी देवाची माफी मागून गप्प बसले असते. तुम्हाला ठाऊक आहे कोणतं घ्यायचं. अखिलानं चाळीस पावत्या घातल्या त्या दिवसापासून ठाऊक आहे. तुमच्या बोटांनासुद्धा ठाऊक आहे. आता देवाला काय विचारायचं राहिलं? तुम्हाला त्याची सही हवी आहे. मंजुरीच्या नऊ पायऱ्या झाल्या, दहावीवर मारुती. उद्या काही बिघडलं की साईरामला सांगायचं, मी नाही, देव म्हणाला."

"माझी चार वर्षं राहिलीत निवृत्तीला."

"ठाऊक आहे."

"तो मालकाचा मुलगा आहे. त्याला निळा हवाय. नारिंगी कंपनी लहान आहे, उद्या बुडाली तर? आलेख वाईट आहेत. सगळं माझ्या नावावर येईल."

"येईल," जयश्री म्हणाली. "रघोजीचं पत्र कुणाच्या नावावर आहे?"

वरुणराव उठले. आतून लॅपटॉप आणला, तो देव्हाऱ्यासमोरच्या पाटावर ठेवला आणि स्वतः जमिनीवर मांडी घालून बसले. अखिलाचा मेल उघडला. शिफारस, खाली कारणं, चाळीस पावत्यांचा हिशेब, आणि वर मधोमध कोरी जागा. त्यांनी नारिंगीचं नाव टाइप केलं. खोडलं. पुन्हा केलं. खाली एक वाक्य स्वतः घातलं आणि जयश्रीला वाचून दाखवलं. "आलेख साधे आहेत हे मला मान्य आहे. तरी ही निवड माझी आहे आणि जबाबदारीही माझी."

"आलेखाचं कशाला सांगता?"

"खरं आहे म्हणून."

मग त्यांचं बोट हवेत राहिलं. घड्याळात दहा चाळीस. जयश्रीला वाटलं, आपणच दाबावं. पण ती हातातला फडका पिळत उभी राहिली, आणि मनातल्या मनात मारुतीला म्हणाली, तू मध्ये पडू नकोस, फक्त बघ. बोट खाली आलं. मेल गेला.

पाच मिनिटांत साईरामचा फोन. तो याच गल्लीतल्या घराण्यातला, पण चेन्नईत वाढलेला. मराठी त्याला सगळी समजे, बोलताना मात्र मधेमधे इंग्रजी डोकावे.

"अंकल, मेल बघितला. नारिंगी? शुअर?"

"हो."

"मला निळा हवा होता, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"दोन महिने तुम्ही काही बोलला नाही. मला वाटलं, तुम्हाला चालतंय."

"मला चालत नव्हतं. बोललो नाही ही माझी चूक."

पलीकडं साईरामनं कुणालातरी तमिळमध्ये थांबायला सांगितलं. "निळ्यावाल्यांना मी काय सांगू?"

"सांग, वरुणराव नाही म्हणाले."

"सरी. पण मला कागद नको, डोळ्यांनी दाखवा. आज दुपारी मी कुंभकोणमला चाललोच आहे. वाटेत पापनाशमला उतरतो, दोन वाजता. तिथल्या केंद्रावर, नेटवर्क बंद ठेवून, तिथल्या माणसानं स्वतः नारिंगीत नोंद करून एक ताडपत्री घेऊन दाखवायची. अखिला नको, तुम्ही नको. तो माणूस. जमलं तर सही करतो. नाही जमलं तर मेल परत घ्या."

"परत घेणार नाही," वरुणराव म्हणाले. "पण दोन वाजता ये."

त्यांनी फोन ठेवला. लगेच रघोजीला लावला. "रघोजी, तिरुप्पूरला संध्याकाळपर्यंत काही कळवू नकोस. मी येतोय. तुझ्याच हातानं एक काम करायचं आहे. नाही, बघू नाही. येतोय."

जयश्रीनं ताटली उचलली. तिन्ही पुड्यांचे दोरे सोडले, तगर आणि कण्हेर देवाला वाहिली, तुळशीची चार पानं मारुतीच्या तसबिरीपाशी ठेवली, आणि बोटभर लांब दोरा गुंडाळून डब्यात परत टाकला. दोरा काही वाया घालवायची वस्तू नाही.

मग ती अंगणात आली. अर्ध्या घासलेल्या समईवर चिंच वाळून काळी पडली होती. आता पहिल्यापासून. ती पाटावर बसते न बसते तोच दारात वरुणराव. दोन हातांत दोन शर्ट.

"पांढरा घालू की रेघांचा?"

जयश्रीनं समईवरून मान वर केली नाही. विटेचा चुरा घेतला आणि घासायला लागली. वरुणराव थोडा वेळ उभे राहिले. मग रेघांचा शर्ट खुंटीवर गेल्याचा आवाज आला, आणि पांढरा अंगात चढवत ते चपला शोधायला लागले. त्यांना जुन्या स्टँडवरून पापनाशमची साडेअकराची बस धरायची होती.